पान एकतिसाच्या पुढे

मोरकमच्या समुद्राकडे पाठ करून आमचं धर्मादाय दुकान उभं आहे.
मेलेल्यांचे कोट, न लागणारे दिवे, दोन तुकडे हरवलेली कोडी,
आणि मागच्या भिंतीला पुस्तकं. ती माझ्याकडे.
ग्लेनिस म्हणते, तू नर्स होतीस,
कुणाला काय द्यायचं ते तुला कळतं.

सोमवारी खोकी येतात.
आयुष्य बदलणारी पुस्तकं सगळ्यात जास्त
आणि सगळ्यात कोरी.
पहाटे उठवणारं, पैसा ओढून आणणारं,
दहा दिवसांत भीती घालवणारं.
पेन्सिलीच्या रेघा पहिल्या पानापासून ठसठशीत,
सोळाव्यावर जरा तिरक्या,
एकतिसाव्याच्या आसपास थांबतात.
तिथे बसचं तिकीट, नाहीतर दवाखान्याची चिठ्ठी,
एकदा तर चिप्सचा तेलकट कागद.
पुढची दोनशे पानं पाऊल न पडलेल्या वाळूसारखी.

मी हसत नाही.
कधी कधी ताप उतरायला तेवढंही पुरतं.

मला कुणी विचारलं तर खरं सांगते:
माझं आयुष्य बदललं
ते गाडी चालवायच्या नियमांच्या पुस्तकानं.
शहाऐंशी साल, रात्रपाळी, वॉर्ड सात.
पेशंटच्या उशाशी बसून पाढ्यांसारखं घोकलं,
ओल्या रस्त्यावर थांबायला किती अंतर लागतं.
तीनदा नापास झाले. चौथ्यांदा पास,
आणि त्याच शनिवारी ह्यांना न विचारता
लँकेस्टरला जाऊन आले.
आणलं काही नाही. नुसती गेले आणि आले.

क्लिफर्ड हेस्केथ मार्चमध्ये आला, टोपी हातात धरून.
“मुलगी म्हणते काहीतरी वाच.
उपयोगाला येईल असं द्या.”
जसा काही पाना-पक्कडच मागत होता.
मी तीन पुस्तकं काढली. तिन्ही परत ठेवली.
गल्ल्याजवळची भरती-ओहोटीच्या वेळांची चोपडी दिली,
साठ पेन्स.
म्हणाला, सत्तर वर्षं इथेच राहतोय मी.
म्हटलं, वाचलीय का कधी?
“बेरिल वाचायची. कुत्र्याला घेऊन तीच जायची.”

तेव्हापासून दर गुरुवारी येतो,
वेळा वाचून दाखवतो, पावती तपासावी तशा.
मी त्याला गुहागरचे दोन शब्द दिलेत, उधाण आणि भांग.
‘उधाण’ त्याला जमत नाही,
पण म्हणताना ओठ बरेच उघडावे लागतात,
आणि त्याच्या घरी ते फारसे उघडले नसावेत.

परवा बेरिलचं खोकं आणून ठेवलं. “जागा अडते,” एवढंच.
विणकामाची, गुलाबांची, आणि तळाशी एक निळं, बारीक पुस्तक:
न बोलणाऱ्या माणसाबरोबर कसं राहावं, त्याबद्दलचं.
सवयीनं एकतीस काढलं.
रेघ होती. बत्तीसवरही होती.
साठ. शंभर. पेन्सिल बदललेली, मध्येच हिरवं पेन,
पुन्हा पेन्सिल, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.
आणि एकशे बाराव्या पानाच्या समासात
“क्लिफ, हे वाच ना.”
खाली तारीख. एकोणीस वर्षांपूर्वीची.

ग्लेनिसनं किमतीचं लेबल पुढे केलं.
मी म्हटलं, थांब.

ते आता गल्ल्याखाली आहे, कागदी पिशव्यांच्या मागे.
जखमेला चिकटलेली पट्टी आधी भिजवायची असते,
ओढायची नसते, एवढं मला येतं.
पण एकोणीस वर्षं चिकटलेली?
आणि न देणं म्हणजे बेरिलला पुन्हा एकदा
न ऐकल्यासारखंच की.

आज गुरुवार.
चोपडीत लिहिलंय, दोन चाळीसला पाणी फिरेल.
तो अडीचला येतो.